कंट्रीतलं रडवणारं पहिलं गाणं कुठलं ऐकू? पॅट्सी, हँक, डॉली की जॉर्ज जोन्स

कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत, ऐकायला सुरुवात करायचीय, आणि त्यातही ते प्रेमभंगाचं, संथ चालीचं, ऐकून पोटात कालवतं म्हणतात तसलं एखादं गाणं हवंय, तर जाणकार माणसं फिरून फिरून हीच चार नावं सांगतात. हँक विल्यम्सचं 'आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय' (१९४९), पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' (१९६१), डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' (१९७४) आणि जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' (१९८०). चारही तीन मिनिटांच्या आसपासची, चारही दुःखाची, पण चौघं चार वेगवेगळी कामं करतात, म्हणून 'यातलं बेस्ट कुठलं' असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. मी तर म्हणते की निवडायचं झालं तर एकच बघा, गाणारा माणूस कोणाशी बोलतोय. हँक कोणाशीच बोलत नाही, अंधाराकडे बघत बसलाय. पॅट्सी स्वतःशी बोलतेय. डॉली समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतेय. आणि जोन्स आपल्याला बसवून तिसऱ्याच कोणाची तरी गोष्ट सांगतोय. आत्ता यातलं कोण ऐकावंसं वाटतंय ते मनाशी ठरवलं की गाणं बरंचसं ठरतं.

पॅट्सीपासून सुरू करते कारण नवीन माणसाला तिथून शिरणं सगळ्यात सोपं. कंट्री म्हटलं की नाकातला आवाज, बँजो आणि काउबॉय हॅट एवढंच डोळ्यापुढे येणाऱ्यांना 'क्रेझी' ऐकवलं की विचारतात, हे कंट्री आहे? आहे, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. पन्नासच्या दशकाच्या शेवटी रॉक अँड रोलनं कंट्रीचं मार्केट खाल्लं होतं, तेव्हा कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशविल शहरातल्या चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली अशा प्रोड्यूसर मंडळींनी फिडल (गावठी ढंगानं वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार (तिच्याबद्दल पुढे सांगते) मागे सारून पियानो, व्हायोलिन्सचा ताफा, मागे गुणगुणणारा कोरस असा मऊसूत साज आणला, त्यालाच नॅशविल साउंड म्हणतात. 'क्रेझी' हा त्याचा अगदी नमुना आहे, पियानोवर फ्लॉइड क्रेमर, मागे जॉर्डनेअर्सचा कोरस, आणि ब्रॅडलीचा तो पत्र्याच्या अर्धगोल शेडमधला क्वान्सेट हट स्टुडिओ.

गाणं लिहिलंय विली नेल्सननं, तेव्हा तो नॅशविलमध्ये नवखा होता, गाणी विकून पोट भरत होता. त्याचा डेमो पॅट्सीला आधी आवडलाच नव्हता कारण विली तालाच्या मागेपुढे करत गातो आणि तिला त्याच्यामागे जाता येईना, मग तिनं आणि ब्रॅडलीनं मिळून ते तिच्या पद्धतीनं संथ आणि सरळ केलं. त्यात १४ जून १९६१ ला तिच्या गाडीला जबरदस्त अपघात झालेला, त्या दुखण्यातून पुरती उठायच्या आतच ती ऑगस्टमध्ये स्टुडिओत गेली तर बरगड्यांच्या दुखण्यानं वरचे सूर निघेनात, शेवटी वादकांचं रेकॉर्डिंग करून ठेवलं आणि काही आठवड्यांनी परत येऊन तिनं एका टेकमध्ये गाऊन टाकलं. त्या काळी सगळे एकत्र उभे राहून एकदम रेकॉर्ड करायचे, त्यामुळे हे असं तुकड्यात करणं नेहमीचं नव्हतं. गाणं कंट्री चार्टवर दुसऱ्या आणि पॉप चार्टवर नवव्या नंबरपर्यंत गेलं. पुढे ५ मार्च १९६३ ला विमान कोसळून ती गेली, वय ३०.

ऐकताना पहिलाच शब्द नीट ऐका. वरच्या सुरावर धरते आणि तिथून खाली सोडून देते, आणि त्या उतरण्यातच सगळं कळतं की हिला स्वतःचा राग येतोय, तरी प्रेम काही सुटत नाहीये. तक्रार कोणाबद्दल नाही, आपण असं कसं वागलो एवढंच ती स्वतःला विचारत राहते. आवाज मोठा आहे, दणकट आहे, पण ती तो पूर्ण उघडत नाही, एखाद्या ठिकाणी किंचित कातरतो आणि लगेच सावरतो. माझ्या बाबांना इंग्रजी गाणी मुळीच आवडत नाहीत, पण हे लागलं की ते हातातला पेपर खाली ठेवतात, शब्द किती कळतात देव जाणे. म्हणूनच म्हणते, अमेरिकन उच्चार पटकन कळत नसतील, किंवा तुम्ही मुळात शब्दांपेक्षा आवाज ऐकणारे असाल, तर दुसरीकडे बघूच नका, 'क्रेझी' लावा.

हँकचं एकदम उलट आहे. त्याच्या गाण्यात काय झालं हेच कळत नाही. कोण सोडून गेलं, का गेलं, किती दिवस झाले, काही म्हणजे काही सांगत नाही. फक्त रात्र आहे, रातव्याच्या कुळातला तो व्हिपूरविल पक्षी ओरडतोय, लांबून रडवेल्या शिट्टीची आगगाडी जातेय, चंद्र ढगाआड जातोय, तारा निखळतोय. चार कडवी, ध्रुवपद असं वेगळं नाहीच, तीन मात्रांचा वॉल्ट्झचा ताल, आणि एक सोडून बाकी प्रत्येक कडव्याच्या शेवटी आपण किती एकटे आहोत तेवढं येतं. ३० ऑगस्ट १९४९ ला सिनसिनाटीतल्या हर्झॉग स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं आणि आश्चर्य म्हणजे ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढच्या बाजूला एक हलकंफुलकं नाचायचं गाणं. हँक तेव्हा पंचवीसचा होता. १९५३ च्या एक जानेवारीला कार्यक्रमाला ओहायोला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर तो मेला, वय अवघं २९.

भावगीतांवर वाढलेल्या कानाला हँक लगेच पटतो असा माझा अनुभव आहे, कारण निसर्गावर मन टाकून बोलायची ती रीत आपल्याला परकी नाही. पण आवाज मात्र परका वाटतो, तो नाकात आहे, अलाबामाच्या खेड्यातला आहे, सूर मध्येच तुटून वर जातो, आणि १९४९ चं रेकॉर्डिंग म्हणजे आजच्या हेडफोनवर जरा पातळ वाटणारच. पहिल्यांदा ऐकून 'यात काय एवढं' असं वाटलं तर वाटू द्या, आठवड्यानं रात्री एकटं असताना लावा. दिवसा, भाजी चिरताना, ऑफिसला जाताना हे गाणं लागूच पडत नाही. अजून एक, ताजा ब्रेकअप झालेल्या माणसाला मी हे देणार नाही. यात बाहेर यायला वाट ठेवलेली नाही, गाणं संपतं तेव्हा माणूस जिथे होता तिथेच असतो. ज्यांना तेच हवं असतं, म्हणजे कोणी समजूत घालायला नको, उपदेश नको, नुसतं कोणीतरी शेजारी बसावं, त्यांच्यासाठी याच्यासारखं दुसरं नाही.

डॉलीचं गाणं बहुतेकांनी ऐकलेलं असतं पण डॉलीकडून नाही. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टननं ते सिनेमासाठी गायलं आणि अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या नंबरवर ठेवलं, त्यामुळे मूळ गाणं ऐकलं की पहिली प्रतिक्रिया येते 'अरे हे किती छोटं आहे'. छोटंच आहे, आणि तेच त्याचं बळ आहे. मुळात हे नवरा-बायको किंवा प्रियकर-प्रेयसीचं गाणंच नव्हे. पोर्टर वॅगनर नावाचा मोठा गायक, १९६७ पासून डॉली त्याच्या टीव्ही शोमध्ये होती, त्याच्यासोबत द्वंद्वगीतं गायची, आणि आता तिला स्वतःचं करिअर करायचं होतं तर हा सोडायला तयार नाही, रोज वाद. तेव्हा तिनं घरी जाऊन हे गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसून गायलं, तो रडला आणि तिला जाऊ दिलं, ही हकीकत ती स्वतः अनेकदा सांगते. म्हणजे हे सोडून जाणाऱ्या माणसाचं गाणं आहे. बाकीच्या तिघांत मागे राहिलेल्याचं दुःख आहे, इथे निघालेल्याचं आहे, आणि आपण फार कमी वेळा विचार करतो की निघणाऱ्यालाही रडू येतं.

डॉली समोरच्याला दोष देत नाही, स्वतःलाही देत नाही. आवाज जवळजवळ कुजबुजल्यासारखा, थरथरता, आणि शेवटचं कडवं तर ती गातच नाही, नुसतं बोलते, निघताना दारात उभं राहून तुझं भलं होवो म्हणतात ना तसं. व्हिटनीचा आवाज थोर आहे त्याबद्दल वादच नाही, पण तिच्या गाण्यात निरोपापेक्षा तो आवाज जास्त लक्षात राहतो, आणि तुम्हाला खरंच कोणाचा तरी निरोप घ्यायचा असेल, जॉब असो, गाव असो, माणूस असो, तर डॉलीच पाहिजे. या गाण्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं, त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर म्हणाला प्रकाशनाचे अर्धे हक्क द्या, आणि डॉलीनं रडत रडत का होईना पण नाही म्हटलं. एवढं मऊ गाणं लिहिणारी बाई व्यवहारात इतकी ठाम होती हे कळल्यावर ते गाणं अजून वेगळं ऐकू येतं, निदान मला तरी येतं.

आता जोन्स. यावर जरा जास्त लिहिणारे कारण माझं मत इथेच अडकलंय.

गोष्ट सांगूनच टाकते, कारण ती आधी कळल्यानं काही बिघडत नाही, उलट दुसऱ्यांदा ऐकताना जास्त लागते. एक माणूस आहे, तो तिला म्हणाला होता मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणाली विसरशील. वर्षं गेली. तिचा फोटो भिंतीवर तसाच, उशाशी १९६२ सालची तिची पत्रं, आणि त्या पत्रांत जिथं जिथं तिनं प्रेम आहे असं लिहिलंय तिथं तिथं यानं लाल रेघ मारून ठेवलीय. आणि आज त्यानं तिच्यावर प्रेम करणं थांबवलं, कारण आज तो मेला. दारावर फुलांचं चक्र लावलंय आणि थोड्याच वेळात माणसं त्याला नेतील. हे सगळं त्याचा कोणी मित्र आपल्याला सांगतोय, तो स्वतः नाही. ती लाल रेघ बघा. गाण्यात 'तो फार दुःखी होता' असं कोणीही लिहिलं असतं, पण बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी त्याच्या हातात लाल पेन दिलं, आणि त्या एका रेघेत त्याच्या कितीतरी रात्री दिसतात.

या गाण्यामागची मेहनतही तशीच. प्रोड्यूसर बिली शेरिलनं लेखकांना ते पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. मधला बोलायचा भाग, जिथं ती शेवटचं बघायला येते असं येतं, तो म्हणजे कंट्रीतली जुनी रेसिटेशनची पद्धत, हँकसुद्धा 'ल्यूक द ड्रिफ्टर' या नावानं असे बोलके रेकॉर्ड काढायचा. पण जोन्स त्या काळात दारूत आणि कोकेनमध्ये इतका बुडालेला होता, कर्जात होता, कार्यक्रमांना येतच नाही म्हणून लोक त्याला 'नो शो जोन्स' म्हणायचे, आणि शेरिल सांगायचा की गाताना त्याची जीभ नीट चालायची पण नुसतं बोलायला लावलं की अडखळायची, त्यामुळे पहिलं कडवं रेकॉर्ड झाल्यापासून तो बोलायचा भाग मनासारखा मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं. शिवाय जोन्स दुसऱ्याच एका प्रसिद्ध गाण्याच्या चालीवर घसरायचा. आणि त्याला स्वतःला वाटत होतं की इतकं मरणाचं गाणं कोणी विकत घेणार नाही. १९८० च्या जुलैत ते पहिल्या नंबरवर गेलं, एकट्यानं गायलेलं त्याचं गाणं सहा वर्षांनी तिथं पोचलं, आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचं साँग ऑफ द इयर त्याला १९८० आणि १९८१ असं लागोपाठ दोनदा मिळालं. तीन मिनिटांच्या गाण्यानं आपलं करिअर वाचवलं असं त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय.

लोक हटकून म्हणतात की हे त्यानं टॅमी वायनेटसाठी गायलं. ती त्याची घटस्फोटित बायको, स्वतः मोठी गायिका, लग्न १९६९ चं, घटस्फोट १९७५ चा, आणि घटस्फोटानंतरही दोघं एकत्र रेकॉर्डिंग करत राहिले, १९७६ ला त्यांचं 'गोल्डन रिंग' पहिल्या नंबरवर गेलं. गाणं काही जोन्सनं लिहिलेलं नाही त्यामुळे तो अर्थ त्यावर चिकटवायची गरज नाही, पण ऐकणाऱ्यांच्या मनात ती होतीच, आणि असं गाणं ऐकणारे आपली माहिती घेऊनच येतात ना.

आता त्याचं गाणं कसं चालतं बघा. सुरुवातीला तो जवळजवळ काहीच करत नाही. खालच्या सुरात, बातमी सांगावी तसं. मग व्हायोलिन्स वाढतात, आवाज वर चढायला लागतो, आणि ध्रुवपदाला येईपर्यंत त्याच्या त्या प्रसिद्ध जबडा आवळून गायच्या पद्धतीत एकेक अक्षर दाबून, वळवून बाहेर येतं. तो ओरडत नाही. रडतही नाही. सांगणाऱ्यानं रडायचं नसतं, त्यानं गोष्ट नीट शेवटापर्यंत न्यायची असते, आणि ते त्यानं केलं म्हणून रडणं आपल्या वाट्याला येतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये जोन्स गेला, तेव्हा ग्रँड ओल ऑप्री या नॅशविलच्या नावाजलेल्या कंट्री शोच्या सभागृहातल्या अंत्यविधीला अ‍ॅलन जॅक्सननं हेच गाणं गायलं, दुसरं कुठलं गाणार.

याच्या विरुद्ध बाजूनंही बोलायला पाहिजे. शेरिलचा साज काहींना जड वाटतो, मागे बाईचा उंच आलाप येतो तिथं तर काही जण म्हणतात की हे आता ओढूनताणून रडवतायत. मला पटत नाही पण का वाटतं ते कळतं. आणि दुसरं, हे गाणं शब्द न कळता ऐकलं तर निम्मंसुद्धा पोचत नाही, पॅट्सीसारखं नाही ते. म्हणून ज्याला इंग्रजी ऐकून समजतं आणि जो तीन मिनिटं फोन बाजूला ठेवून बसेल त्यालाच मी आधी जोन्स सांगते, आणि त्याच्यासाठी मात्र चौघांत हाच पहिला. ज्याला असं बसणं जमणार नाही त्यानं पॅट्सी.

वाद्यांचं ज्यांना वेड आहे त्यांच्यासाठी एक वेगळंच कारण आहे. कंट्रीतलं ते रडणारं वाद्य म्हणजे स्टील गिटार, आडवी ठेवून तारेवर लोखंडी दांडी सरकवत वाजवायची, मग सूर तुटत नाही, मींड घेत जातो. ही पद्धत हवाई बेटांवरून आली आणि तिथून ती अमेरिकेत गेली तशीच आपल्याकडेही आली, मुंबईत व्हॅन शिपली यांनी सिनेसंगीतात हवाईयन गिटार वाजवली आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तर तिच्यावर अख्खे राग वाजवले. त्यामुळे मराठी कानाला तो सूर अनोळखी वाटत नाही, ओळखीचं कोणीतरी परमुलुखात भेटावं तसं होतं. हँकच्या गाण्यात पेडल नाहीत, साधी स्टील आहे, नंतर पन्नासच्या दशकात पेडल रुळले आणि तारांचा सूर पायानं बदलायला लागले. हे ऐकायचं असेल तर हँक आणि जोन्स पाठोपाठ लावा, फरक लगेच कळेल.

आणि स्वतः गायचं असेल, म्हणजे मित्रांच्या बैठकीत गिटारवर काहीतरी म्हणायचं असेल तर? मग हिशोब बदलतो. हार्लन हॉवर्ड नावाचा गीतकार म्हणायचा की कंट्री म्हणजे तीन कॉर्ड आणि सत्य. हँकचं गाणं त्यात बसतं, मोजक्या सोप्या कॉर्ड, नवशिक्यालाही संध्याकाळभरात येईल. 'क्रेझी' त्यात बसत नाही, त्यातले कॉर्ड जॅझकडे झुकणारे आहेत, आणि सूर इतका वरखाली जातो की रेंज नसेल तर फजिती. डॉलीचं सोपं वाटतं पण ध्रुवपदाला सगळे व्हिटनी व्हायला जातात आणि तिथं गाणं हातचं जातं, तसं करू नका, हळूच म्हणा. जोन्सचं बैठकीत कोणी गाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, तो मधला बोलायचा भाग सगळ्यांसमोर निभावणं अवघड असतं आणि नीट झाला तर पुढे कोणाला गावंसं वाटत नाही.

बाकी सुचवण्यांपैकी दोनच. 'जोलीन' (१९७३) हे डॉलीचंच, सगळे सांगतात, पण त्यात अजून काही मोडलेलंच नाही, मोडेल ही भीती आहे, आणि चाल पळती आहे, त्यामुळे ते या यादीत नको. आणि नव्यातलं हवंच असेल तर ब्रॅड पेझ्ली आणि अ‍ॅलिसन क्राऊसचं 'व्हिस्की ललबाय' (२००४) जोन्सच्या वाटेनं जाणारं आहे, तिऱ्हाइताची गोष्ट, दोन माणसं एकामागून एक दारूत संपतात. गाणं फार ताकदीचं आहे पण जो माणूस सध्या खरंच खचलेला आहे त्याला हे देऊ नका, त्याच्यासोबत जाऊन बसा.

शोधताना कुठली आवृत्ती लागतेय ते तेवढं तपासा. हँक गेल्यावर कंपनीनं त्याच्या गाण्यांवर मागाहून व्हायोलिन्स चढवून रेकॉर्ड काढले होते, ते लागलं तर बंद करून १९४९ चं मूळ शोधा, त्यात आवाज, गिटार, बास, फिडल आणि स्टील एवढंच असतं. डॉलीनं हेच गाणं १९८२ ला सिनेमासाठी परत गायलं आणि तेही कंट्री चार्टवर पहिल्या नंबरवर गेलं, पण तुम्ही १९७४ चं ऐका. जोन्सचे लाइव्ह व्हिडिओ भरपूर आहेत आणि चांगलेही आहेत, तरी पहिल्यांदा १९८० चं स्टुडिओतलंच लावा, कारण तो दीड वर्ष अडलेला बोलायचा भाग त्यातच आहे.